साधनेला सोबत हवी : चार-सहा जणांची मंडळी कशी जमवायची आणि टिकवायची

योगाचा क्लास लावला की पहिले दीड-दोन महिने सगळ्यांचेच छान जातात. नवीन मॅट येते, पहाटेचा अलार्म लागतो, रात्रीचं जेवण हलकं होतं, घरचे पण कौतुक करतात. मग बडोद्यात नवरात्र येते, रात्री बारा-एक वाजेपर्यंत गरबा, सकाळी डोळा उघडत नाही, तिच्यामागून दिवाळी, मग लग्नसराई, मग उत्तरायण म्हणजे संक्रांत, आणि फेब्रुवारीत कधीतरी झाडू मारताना मॅट पलंगाखाली सापडते. विचारलं की सगळे म्हणतात, जिद्द कमी पडली हो. मला विचाराल तर जिद्दीला उगीच बदनाम करतात. साधना सुटते तेव्हा बहुतेक वेळा आजूबाजूला साधना करणारं एकही माणूस नसतं, म्हणजे आपण आज उठलो नाही हे ज्याला कळेल आणि कळल्यावर थोडी तरी चुटपुट लागेल असं कोणी नसतंच.

सत्संग म्हटलं की डोळ्यासमोर मांडव, माइक आणि स्टेजवरचे महाराज येतात, ते वाईट असं नाही, पण इथे त्याबद्दल लिहीत नाहीये. इथे विषय आहे चार-सहा माणसांचा, ज्यांच्याबरोबर तुम्ही आसन, प्राणायाम, जप, ध्यान यातलं काहीतरी नेमाने करता. ती माणसं कुठून आणायची, त्यांच्याबरोबर नक्की काय करायचं, कुठे सावध राहायचं, हे एकेक करून सांगतो. नावं बडोद्याची येतील, बाहेरगावच्यांनी आपापल्या गावाची घालून घ्या.

आणि बडोद्याची नावं घ्यायला कारण पण आहे. लोणावळ्याची कैवल्यधाम ही योगसंस्था सगळ्यांना माहीत असते, पण ती १९२४ मध्ये उभी करणारे स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, आपल्या बडोद्याजवळच्या डभोईत १८८३ साली जन्मले हे इथल्याच पोरांना ठाऊक नसतं. १९०७ ते १९१० ते बडोद्यात जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रोफेसर माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले, आणि मग १९१९ मध्ये नर्मदेकाठी मालसरला परमहंस माधवदासजींकडे गेले. त्याच माधवदासजींकडे त्याच्या तीनेक वर्षं आधी मणिभाई देसाई नावाचा एक गुजराती तरुण येऊन राहिला होता, तो पुढे श्री योगेंद्र झाला आणि १९१८ मध्ये मुंबईत त्याने योग इन्स्टिट्यूट काढली. म्हणजे बघा, एकाने योग प्रयोगशाळेत नेला, दुसऱ्याने संसारी माणसाच्या घरात नेला, आणि दोघेही शिनोर तालुक्यातल्या एकाच गावी एकाच म्हाताऱ्या साधूजवळ बसून उठले. दोघे शिकलेले, वाचलेले, अंगाने धडधाकट. वाचून जेवढं मिळतं तेवढं दोघांकडे आधीच असणार, तरी दोघांना मालसरची वाट धरावी लागली.

पायरी १ : नवीन माणसं शोधण्याआधी सध्याची संगत तपासा

एक आठवडा वही ठेवा. रोज दोनच ओळी. पहिली ओळ रात्री : झोपण्याआधीचे दोन तास कोणाबरोबर किंवा कशात गेले. दुसरी सकाळी : डोळे मिटून बसल्यावर पहिल्या दहा मिनिटांत डोक्यात काय फिरत होतं. बस. यात फोन पण संगतच धरायचा, रात्री अकराला फॅमिली ग्रुपवर मामेभावाने टाकलेला राजकारणाचा फॉरवर्ड आणि त्याच्यावर तुम्ही टाइप करून खोडलेलं उत्तर, हे सकाळी पद्मासनात बरोबर शेजारी येऊन बसतं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ती साखळी आहे ना, ध्यायतो विषयान्पुंसः सङ्गस्तेषूपजायते, म्हणजे नुसतं मनात घोळवण्याने आसक्ती होते, तिच्यातून काम, मग क्रोध, संमोह, स्मृतिभ्रंश आणि शेवटी बुद्धिनाश, तर त्या साखळीचं पहिलं टोक किती साधं आहे ते या वहीत दिसतं.

आठवड्याने ओळी वाचून माणसांचे (आणि ॲपचे) तीन गट करा. ज्यांच्यानंतर सकाळ सोपी जाते, ज्यांच्याने काही फरक पडत नाही, आणि ज्यांच्यानंतर मन भणाणलेलं असतं. कुणाला हे गट सांगायचे नाहीत बरं का, नाहीतर घरात वेगळंच महाभारत. नारदांची भक्तिसूत्रं म्हणतात दुःसङ्गः सर्वथैव त्याज्यः, म्हणजे वाईट संगत पूर्णपणे टाकावी, आणि कारण देताना म्हणतात की हे काम-क्रोध वगैरे आधी तरंगासारखे असतात पण संगतीने समुद्र होतात. कबूल. पण संसारात सासऱ्यांना सर्वथैव त्याज्य कसं करणार? तिथे माणूस सोडायचा नाही, वेळ हलवायची. जो मित्र रात्री ओट्यावर बसून तासभर ऑफिसच्या कागाळ्या सांगतो त्याला रविवारी दुपारी भेटा, तोच माणूस, तेच बोलणं, पण सोमवारची पहाट शाबूत राहते.

पायरी २ : गर्दी आणि सोबत यातला फरक ओळखा

इथे खूप जणांचा गोंधळ होतो, कारण हठप्रदीपिका उघडली तर पहिल्याच उपदेशात योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी दिल्यात : अत्याहार, प्रयास म्हणजे अतिश्रम, प्रजल्प म्हणजे बडबड, नियमाग्रह म्हणजे नियमांचा हट्ट, जनसंग म्हणजे लोकांत ऊठबस आणि लौल्य म्हणजे मनाची चंचलता. आणि लगेच पुढच्या श्लोकात योग सिद्ध करणाऱ्या सहांमध्ये उत्साह, साहस, धैर्य, तत्त्वज्ञान, निश्चय यांच्याबरोबर जनसंगपरित्याग. मग लोक म्हणतात, बघा, ग्रंथच सांगतोय एकटे राहा. पण तोच ग्रंथ सुरुवातीला आदिनाथापासून गुरुपरंपरेची भलीमोठी यादी देतो, आणि गुरूने सांगितलेल्या मार्गानेच अभ्यास कर म्हणून पुन्हापुन्हा बजावतो. म्हणजे टाळायची आहे ती नुसती ऊठबस.

ही ऊठबस कशी दिसते ते सांगतो. सकाळचा बागेतला ग्रुप, सव्वासातला शवासन संपतं, चटया गुंडाळल्या जातात आणि सगळे मिळून सेव-उसळच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर. वाटीत लाल तरी, वर मूठभर सेव, पाव, कांदा, लिंबू पिळायचं, आणि अर्धा तास प्राणायाम केलेली तीच तोंडं आता पाऊण तास कोणाच्या मुलाला कॅनडाचा व्हिसा मिळाला, सोसायटीच्या चेअरमनने किती खाल्ले, आणि ती नवीन आलेली बाई सर्वांगासनात कशी धडपडते हे चघळतात. घरी जाईपर्यंत सकाळी जमवलेलं सगळं खर्चून मोकळे. सेव-उसळबद्दल माझी काही तक्रार नाही, बडोद्याचा माणूस तिच्याविरुद्ध लिहूच शकत नाही, पण ती रविवारी खा, आणि साधनेच्या शेपटीला बांधू नका.

नियमाग्रहाचं पण जाता जाता सांगतो कारण ग्रुपमध्ये हा रोग लवकर पसरतो. टीकाकारांनी त्याची उदाहरणं दिलीयेत, पहाटे थंड पाण्याने आंघोळ, फक्त रात्रीच जेवणं, फक्त फळं खाणं. एकाने कांदा-लसूण सोडला की दुसरा मीठ सोडतो, तिसरा धान्य सोडतो, आणि कोण किती सोडतो याची स्पर्धा लागते.

मग सोबत ओळखायची कशी? कसोटी एकच, आणि ती त्या माणसासमोर बसलेलं असताना लागत नाही. भेटीत भारावून जाणं, डोळे पाणावणं, हे सगळं खरं असेल पण त्याच्यावर जाऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आपणहून बसलात का आणि बसल्यावर मन कालच्यापेक्षा थोडं आवरलेलं होतं का, एवढं बघा. चार-पाच भेटींनंतर वहीत ते स्वच्छ दिसतं.

पायरी ३ : माणसं कुठे भेटतील

कमाटीबागेत सकाळी फेरी मारा, हसणारे, पळणारे, कपालभाती करणारे सगळे प्रकार दिसतील. गुजरात राज्य योग बोर्डाचे फुकटचे वर्ग भरतात, तिथे सुरुवात करायला सोपं. दांडिया बाजारातलं अरविंद निवास, जिथे अरविंद घोष बडोद्याच्या नोकरीत असताना राहायचे, तिथे नुसतं जाऊन शांत बसता येतं, आणि तिथे वारंवार येऊन शांत बसणारी माणसं कोण आहेत ते पण कळतं. जुन्या शहरात भजनी मंडळं आहेत, हरिपाठ म्हणणारी मंडळी आहेत. आणि गुरुवारी कुठल्याही दत्ताच्या देवळात आरतीनंतर करुणात्रिपदी ही दत्ताची प्रार्थना संपेपर्यंत थांबा. आरतीची गर्दी प्रसाद घेऊन निघून जाते, मागे जे पाच-सात जण भिंतीला टेकून जप करत राहतात, त्यांच्यात तुमचं माणूस असण्याचा संभव जास्त.

पहिल्या दिवशी ओळख करून देऊ नका. तीन-चार वेळा नुसतं जाऊन बसा आणि बघत राहा. जुने साधक उशिरा आलेल्याकडे कसं बघतात? सतरंज्या कोण उचलतं, रोज तेच दोघं उचलतात की सगळ्यात ज्येष्ठ माणूस पण हात लावतो? दुसऱ्या मार्गाबद्दल काय बोलतात, विपश्यनावाले असे आणि स्वामिनारायणवाले तसे, असं सुरू झालं का? पैशाचा विषय कितव्या भेटीत निघाला? हॉलच्या भाड्यासाठी वर्गणी मागणं रास्तच आहे, पण तिसऱ्या भेटीत विशेष दीक्षेचा आकडा ऐकू आला तर चप्पल घालून निघा.

थेट उठून यायचं अशा काही गोष्टी आहेत, त्यात भीड ठेवायची नाही. डॉक्टरची गोळी बंद करा सांगणारा. घरच्यांना कळू देऊ नका सांगणारा. आसन दुरुस्त करण्याच्या नावाखाली न विचारता अंगाला हात लावणारा. कुंडलिनी इतक्या दिवसांत जागी करून देतो म्हणणारा. प्रश्न विचारला की श्रद्धा कमी आहे म्हणून गप्प करणारा. बायकांनी, मुलींनी नवीन ठिकाणी पहिल्यांदा जाताना मैत्रीण, आई, वहिनी कोणीतरी बरोबर न्यावं, आणि त्याला हरकत घेतली गेली तर तिथे कळलंच सगळं.

पायरी ४ : मंडळी छोटी ठेवा

चार ते सहा. आठच्या वर गेली की ती आपोआप संस्था व्हायला लागते, अध्यक्ष येतो, बॅनर येतो, २१ जूनला फोटो येतो. सहांमध्ये एकजण तुमच्या बराच पुढे गेलेला असावा, दोन-तीनजण तुमच्या जोडीचे, आणि एखादा अगदी नवशिका. नवशिका मुद्दाम हवा, कारण त्याला ताडासन समजावून सांगताना आपलं ताडासन किती कच्चं आहे ते कळतं. पुढे गेलेला माणूस गुरूच असायला पाहिजे असं काही नाही, पंधरा-वीस वर्षं गाजावाजा न करता नेमाने बसणारे एखादे रिटायर्ड काका किंवा आजी पुरेशा असतात, आणि बडोद्याच्या जुन्या मराठी घरांमध्ये अशी माणसं निघतात, ती स्वतःहून सांगत नाहीत एवढंच.

पायरी ५ : वेळ ठरवा, पण बडोद्याच्या सूर्याने

पुण्या-मुंबईचे नातेवाईक सांगतात आम्ही साडेचारला उठतो म्हणून इथले पण जानेवारीत साडेचारचा अलार्म लावतात आणि आठवड्यात आजारी पडतात. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होतो आणि ४८ मिनिटं चालतो. बडोदं देशाच्या पश्चिमेकडे, इथे जानेवारीत सूर्य सव्वासात-सात वीसला उगवतो, म्हणजे मुहूर्त साधारण पावणेसहा ते साडेसहा. जूनमध्ये सूर्योदय सहाच्या जरा आधी, तेव्हा तोच मुहूर्त चार वीस ते पाचच्या आसपास. नोकरी-धंदा, मुलांच्या शाळा, मायनस करून बघा, बहुतेक मंडळींना बारा महिने साडेपाच ते पावणेसात हीच वेळ झेपते. झेपणारी वेळ घ्या. योगसूत्रात अभ्यास पक्का व्हायला दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने केलेला असावा असं म्हटलंय, त्यात किती लवकर उठला हे कुठे नाही.

रोज सगळ्यांनी एकत्र भेटणं जमत नसेल तर आठवड्यातून तीन दिवस एकत्र, बाकी दिवस आपापल्या घरी पण त्याच वेळेला. ग्रुपवर फक्त एक नमस्कार टाकायचा, बसलो की. गुड मॉर्निंगची फुलं, सुविचार, बातम्या, कशाला परवानगी नाही, हा नियम पहिल्या दिवशी करा कारण नंतर करता येत नाही.

पायरी ६ : त्या सव्वा तासात काय करायचं

आल्यावर बोलायचं नाही. कोण आलं नाही याची चौकशी पण नाही, ती नंतर. पाच मिनिटं सगळे शांत बसतात. मग आसनं तीस-पस्तीस मिनिटं, त्यात मोजकी सात-आठच आणि महिनाभर तीच. मग प्राणायाम दहा-पंधरा मिनिटं, अनुलोम-विलोम, भ्रामरी इतकंच. ब्लडप्रेशर, हृदयाचा त्रास, फिट्स, गरोदरपण, डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन असं काही असेल तर कुंभक म्हणजे श्वास रोखणं आणि कपालभाती जाणत्या शिक्षकाला आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय करायचं नाही, मंडळीत शेजारचा करतोय म्हणून तर अजिबात नाही. मग वीस मिनिटं जप किंवा ध्यान, ज्याचं त्याचं. एकाचा दत्त, एकाचा विठोबा, एकाचा नुसता श्वास, चालतं सगळं. शेवटी कोणीतरी ज्ञानेश्वरीच्या चार-पाच ओव्या किंवा गीतेचा एखादा श्लोक वाचायचा, त्यावर प्रवचन नाही, आणि सरळ घरी. निरोप सुद्धा मान हलवून.

गप्पा मारायच्याच असतात, माणसं आहेत, तर त्यासाठी आठवड्यातला एक दिवस ठेवा. आमच्याकडे शनिवारी एकाच्या घरी चहा होतो, नेमाने फिरता, आणि चहाबरोबर खारी किंवा शेव यापलीकडे काही करायचं नाही असं आधीच ठरवून टाकलंय, नाहीतर वहिनी लोकांची पहाट स्वयंपाकघरात जाते आणि साधना राहते नवऱ्यांची.

पायरी ७ : एकमेकांशी वागायचं कसं

मंडळी बहुतेक इथेच फुटते, म्हणून जरा थांबून लिहितो. पतंजलींनी योगसूत्राच्या पहिल्या पादात चार भावना दिल्यात : सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्यवानाबद्दल मुदिता म्हणजे आनंद, अपुण्यवानाबद्दल उपेक्षा, आणि यातून चित्त प्रसन्न होतं म्हणतात. हे सूत्र लोक ध्यानात घोकतात, मला ते मंडळीची नियमावली वाटतं.

जिचं पश्चिमोत्तानासन दोन महिन्यांत गुडघ्याला कपाळ टेकेपर्यंत गेलं तिच्याकडे बघून पोटात काहीतरी होतं, होतंच, आपण तीन वर्षं वाकतोय. तिथे मुदिता लागते. आणि मुदिता मनातल्या मनात जमत नसेल तर तोंडाने म्हणा, ताई, छान जमतंय हो तुम्हाला. तोंडाने चारदा म्हटलं की पाचव्यांदा आतून यायला लागतं. जो आठवडाभर आला नाही त्याला करुणा, म्हणजे फोन करून काय झालं म्हणून विचारायचं, टोमणा न मारता. साहेब आज उगवले वाटतं, हे एक वाक्य माणसाला महिनाभर घरी बसवतं. ज्याला नोकरीत बढती मिळाली, मुलीचं लग्न ठरलं, त्याच्याशी मैत्री, त्याच्या आनंदात सामील व्हायचं. आणि उपेक्षा ही ज्याची जीभ तिखट आहे, जो सारखा दुसऱ्यांच्या चुका काढतो त्याच्यासाठी. उपेक्षा म्हणजे अबोला नाही हं, त्याच्या त्या बोलण्याला खतपाणी न घालणं. तो बोलला, आपण सतरंजी गुंडाळत राहिलो, संपलं.

नर्मदाकाठच्या नारेश्वरचे रंग अवधूत महाराज, जन्माने गोध्र्याच्या मराठी घरातले, वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामींचे शिष्य, ज्यांची दत्तबावनी इथे गुजराती-मराठी दोन्ही घरांत म्हटली जाते, त्यांचं ब्रीदच होतं परस्पर देवो भव. शेजारच्या मॅटवरच्या माणसाला देव मानायचं. ऐकायला गोड, पण तो घोरायला लागतो शवासनात तेव्हा कळतं काय मागितलंय ते.

आलेले अनुभव, प्रकाश दिसला, शरीर हलकं झालं, हे मंडळीत जाहीर करायचं नाही. एकाने सांगितलं की दुसऱ्याला पण दिसायला लागतं, किंवा दिसत नाही म्हणून तो खचतो. असं काही असेल तर त्या पुढे गेलेल्या एका माणसाशी एकट्यात बोला.

पायरी ८ : विचारायला शिका

गीतेच्या चौथ्या अध्यायात तद्विद्धि प्रणिपातेन परिप्रश्नेन सेवया म्हटलंय, आपण प्रणिपात म्हणजे नमस्कार भरपूर करतो, परिप्रश्नाला म्हणजे विचारायला लाजतो. प्रश्न मोठा नको, आजच्या अडचणीचा असावा. आमच्यातली एक नवीन मुलगी आली आणि मंडळीतल्या ज्येष्ठ काकांना म्हणाली,

"काका, माझं ध्यानच लागत नाही हो. मंत्र बदलून बघू का?"

"रात्री जेवतेस किती वाजता?"

"साडेदहा तरी होतात. हे दुकानातून आल्यावर."

"मग तू आधी जेवून घे, आठ-साडेआठला. त्यांना वाढायला बस हवं तर. पंधरा दिवस कर आणि मग मला मंत्राचं विचार."

तिने परत मंत्राचं विचारलंच नाही. पुस्तकात वाचून तिला हे उत्तर मिळालं नसतं, कारण पुस्तकाला तिच्या घरी दुकान आहे हे माहीत नाही.

आणि सेवा म्हणजे पाय चेपणं नव्हे, हॉल झाडणं, काकांना पावसाळ्यात गाडीवरून घरी सोडणं, नवशिक्याला आठवण करणं, असलं काहीतरी. वाटून घ्या, एकावर पडू देऊ नका.

पायरी ९ : सणवार, पाऊस, लग्नं

मंडळीचा छोटा कार्यक्रम आधीच लिहून ठेवा. नवरात्रात नऊ दिवस एकत्र भेटायचं नाही, प्रत्येकाने घरी झोप झाल्यावर वीस मिनिटं, अकरा वेळा भ्रामरी आणि एक माळ जप. गरबा सोडायला सांगू नका, बडोद्यात कोणी ऐकणार नाही आणि ऐकू पण नये. दहाव्या दिवशी दसऱ्याला सकाळी सगळ्यांनी एकत्र बसायचंच, हे पक्कं. लग्नसराईत तेच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, रस्त्यात मगरी फिरत होत्या, तेव्हा असल्या छोट्या कार्यक्रमाची खरी किंमत कळते, कुणाकडे लाईट नाही, कुणाचा तळमजला पाण्यात, पण साडेपाचला आपण सगळे बसलेलो असणार एवढं ठरलेलं असलं की माणूस बसतो.

पायरी १० : वर्षातून एक-दोनदा नदीवर जा

योगसूत्रात एक उपाय आहे, वीतरागविषयं वा चित्तम्, राग-द्वेष गळलेल्या माणसाच्या ठिकाणी चित्त लावलं तरी ते स्थिर होतं. असा माणूस जिवंत भेटणं कठीण, पण त्यांच्या जागा आपल्या उंबऱ्यावर आहेत. गरुडेश्वरला टेंबे स्वामींची समाधी, १९१४ ची. नारेश्वर. मालसर. चैत्रात उत्तरवाहिनी परिक्रमा असते तिलकवाड्याकडे, जिथे नर्मदा उत्तरेला वाहते, एका दिवसात होते, ऊन चढायच्या आत निघायचं आणि पाणी भरपूर घ्यायचं. मंडळीने जाताना नियम दोन : गाडीत अर्धा रस्ता मौन, आणि पोचल्यावर तास-दीड तास प्रत्येकाने वेगवेगळं बसायचं. मग ढोकळा, थेपले काय ते उघडा. बरोबर चालताना माणूस जसा कळतो तसा हॉलमध्ये वर्षभर कळत नाही, कोण पाणी देतो आणि कोण सावली धरतो ते लगेच दिसतं.

पायरी ११ : एकटं बसणं सोडू नका, आणि वेळ आली तर निघा

मंडळी झाली की एक नवीन अडचण येते, लोक मंडळीशिवाय बसेनासे होतात. म्हणून आठवड्यातला एक दिवस पूर्ण एकटा ठेवा, ग्रुपवर नमस्कार पण नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात योगी एकाकी, रहसि स्थितः, म्हणजे एकटा, एकांतात, असंच म्हटलंय. डभोईच्या वाटेवर कायावरोहणला शिवाचा अवतार मानलेल्या लकुलीशांचं मंदिर उभं करणारे स्वामी कृपाल्वानंद वर्षानुवर्षं मौनात राहून रोज कित्येक तास साधना करायचे, आणि तरी लोक त्यांच्याजवळ येऊन बसायचे.

सोबत कायमची असायला हवी असंही नाही. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोद्यात होते, शेवटच्या काही वर्षांत प्राणायाम करत होते, पण पुढे राजकारणाच्या धबडग्यात अडले. सुरतच्या काँग्रेसनंतर १९०८ च्या सुरुवातीला ते परत इथे आले तेव्हा विष्णू भास्कर लेले नावाच्या मराठी योग्याबरोबर एका खोलीत तीन दिवस बसले. लेल्यांनी सांगितलं ते एवढंच, विचार बाहेरून येताना दिसतात, आत शिरण्याआधी त्यांना परतवा. तीन दिवसांत मन निःशब्द झालं असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय. थोड्याच काळात दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, आणि लेल्यांनीही त्यांना पुढे आतल्या आवाजावर विसंबायला सांगितलं.

तुमच्या मंडळीत महिनो न महिने वहीतल्या सकाळच्या ओळी वाईटच येत असतील, कोणाबद्दल तरी राग घेऊनच तुम्ही घरी येत असाल, तर सोडा. सोडताना भांडण नको, ग्रुपवर लांबलचक मेसेज नको. मंडळीतल्या ज्येष्ठ माणसाला घरी जाऊन भेटा, नमस्कार करा, म्हणा काका, काही दिवस घरी बसतो, वर्गणीचं काही राहिलं असेल तर देऊन टाका, हॉलची किल्ली तुमच्याकडे असेल तर ती पण. साडेपाचची वेळ मात्र बदलू नका, आणि वही चालू ठेवा, म्हणजे पुढच्या गुरुवारी देवळात भिंतीला टेकून बसलेल्यांमध्ये कोणाकडे बघायचं ते कळेल.